जर्मनीला निघालेल्या जोडप्यांसाठी

महोदय,

नोकरीनिमित्त म्युनिकला जाणाऱ्या मराठी जोडप्यांमध्ये सोबत जाणाऱ्या जोडीदाराचा, बहुधा पत्नीचा, विचार फार उशिरा होतो याची मला खंत वाटते. ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास-परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला तेथे नोकरीची मुभा असते आणि व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अटही नसते. मात्र या सवलतीमुळे भाषेकडे दुर्लक्ष झाले, तर घराचा करार, दोन आठवड्यांच्या आत करावयाची पत्त्याची नोंदणी आणि आरोग्यविम्याची पत्रे, या साऱ्यांसाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते. परिचारिकेला तर भाषेवाचून आपला व्यवसायच करता येत नाही. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन या संस्थेचे जर्मन भाषेचे वर्ग चालतात. व्हिसाची वाट पाहण्याचा काळ दोघांनीही तेथे शिकण्यात घालवावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

एक वाचक, पुणे