ऊर्जा क्षेत्रातल्या मित्राला सल्ला देताना

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऊर्जा कंपन्यांतील नोकरकपातीच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात आणि त्या आल्या की या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा मित्रांमध्ये एकच विषय सुरू होतो : राहायचे की बाहेर पडायचे, आणि राहायचे तर नेमके कशात. तेलविहिरींवर काम केलेले, औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट सांभाळणारे, पवनऊर्जा प्रकल्पांवरचे, पारेषणातले असे सगळे या बोलण्यात असतात. अशा वेळी मित्र एकमेकांना जे सल्ले देतात ते आपुलकीने दिलेले असतात यात शंका नाही. पण मित्र कोणत्या इंधनाच्या धंद्यात आहे एवढेच पाहून ते दिले जातात आणि तो दिवसभर प्रत्यक्षात कोणते काम करतो हे विचारातच घेतले जात नाही, ही माझी तक्रार आहे.

सल्ले बहुधा दोनच असतात. पहिला, ‘थोडा धीर धर, तेजी येणारच.’ दुसरा, ‘हे क्षेत्रच सोड.’ तेलाच्या बाबतीत पहिल्या सल्ल्याला इतिहासाचा आधार आहे. १९८५च्या अखेरीस प्रतिपिंप सुमारे ३० डॉलर असलेले कच्चे तेल १९८६च्या मध्यापर्यंत १० डॉलरच्या आसपास आले. जुलै २००८मध्ये १४७ डॉलरवर गेलेला भाव त्याच वर्षीच्या डिसेंबरात चाळिशीच्याही खाली होता. २०१४च्या मध्यापासून सुरू झालेली घसरण जानेवारी २०१६मध्ये तिशीखाली पोहोचली आणि त्या दोन वर्षांत जगभर लाखो लोकांचे काम गेले. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकी वायदे बाजारात मे महिन्याच्या सौद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे विकणाराच तेल घेणाऱ्याला पैसे देत होता, आणि दोन वर्षांच्या आत, युक्रेनवरील आक्रमणानंतर, ब्रेंट या जागतिक बाजारात मापदंड मानल्या जाणाऱ्या तेलाने १२० डॉलरची पातळी ओलांडली. हा आलेख पाहिलेला माणूस मित्राला धीर धरायला सांगतो, हे समजण्यासारखे आहे. मात्र हाच आलेख कोळशाच्या वीजकेंद्रातल्या मित्रापुढे ठेवणे ही त्याची दिशाभूल आहे.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, सल्ला देण्याआधी संकट कोणत्या जातीचे आहे हे ठरवावे. भावाच्या चढउतारामुळे आलेले संकट वेगळे आणि धोरणाने किंवा तंत्रज्ञानाने कायमचे आणलेले संकट वेगळे. ब्रिटनने कोळशावरची वीज बंद करण्याचा इरादा नोव्हेंबर २०१५मध्ये जाहीर केला आणि रॅटक्लिफ-ऑन-सोर हे तिथले शेवटचे कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. मध्ये जवळजवळ ९ वर्षे गेली. अशा ठिकाणी तेजीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पण उद्याच राजीनामा देण्याचेही कारण नव्हते, कारण केंद्र बंद होईपर्यंत ते सुरक्षित चालवायला आणि नंतर उतरवायला अनुभवी माणसे लागतातच. तिथल्या माणसाला मित्राकडून हवी होती ती उरलेल्या वर्षांत काय शिकून घ्यावे याबद्दलची मदत.

तिसऱ्या जातीचे संकट लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. ज्या क्षेत्राला सगळे उद्याचे क्षेत्र म्हणतात, त्यातही माणसे अचानक मोकळी होतात. डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीने २०२३च्या शरद ऋतूत अमेरिकेतील न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळचे दोन मोठे सागरी पवनऊर्जा प्रकल्प रद्द केले. वारा कमी झाला नव्हता आणि विजेची गरजही घटली नव्हती. वाढलेले व्याजदर आणि यंत्रसामग्रीच्या पुरवठ्यातील अडचणी यांमुळे हिशोब बसेनासा झाला होता. सौर व पवन प्रकल्पांचा जवळजवळ सगळा खर्च आरंभीच करावा लागत असल्याने व्याजदराचा फटका त्यांना फार जोरात बसतो. तेव्हा तेल सोडून पवनऊर्जेत जाणाऱ्या मित्राला ‘आता तू सुटलास’ असे सांगणे खरे नसते. त्याने एक चक्र सोडून दुसरे धरलेले असते आणि ते कशाने फिरते हे त्याला आधीच कळलेले बरे.

कायमचे वाटणारे निर्णयही उलटतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्राची पहिली अणुभट्टी परवडत नाही म्हणून २०१९मध्ये बंद झाली आणि २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टशी झालेल्या २० वर्षांच्या वीजखरेदी कराराच्या बळावर ती पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. ५ वर्षांत पांगलेल्या परवानाधारक ऑपरेटरांची पुन्हा गरज निर्माण झाली. म्हणूनच इंधनाच्या भवितव्याबद्दल ठामपणे बोलणाऱ्या मित्रापेक्षा, हातातल्या कौशल्याबद्दल नेमके प्रश्न विचारणारा मित्र मला अधिक मोलाचा वाटतो.

ही कौशल्ये कुठे कुठे चालतात याची उदाहरणे आज डोळ्यांपुढे आहेत. तेलासाठी आडव्या विहिरी खणण्याचे जे तंत्र विकसित झाले, तेच वापरून फर्व्हो या कंपनीने २०२३मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यात जमिनीखालच्या उष्णतेपासून ऊर्जा मिळवण्याची यशस्वी चाचणी केली. तिथला खडक, दाब, खणताना विहिरीत सोडायचा चिखल, विहिरीच्या नळीभोवती सिमेंट भरणे हे सगळे रिगवरच्या, म्हणजे विहीर खणणाऱ्या यंत्रावरच्या, माणसाच्या ओळखीचे आहे. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६पासून नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला जातो, आणि तो कुठे सरकतो यावर लक्ष ठेवण्यासाठी तेलसाठ्यांचा अभ्यास केलेलेच भूवैज्ञानिक लागतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर २०१७मध्ये सुरू झालेला हायविंड हा ३० मेगावॅटचा तरंगता पवनऊर्जा प्रकल्प एका तेल कंपनीने उभारला, कारण खोल समुद्रात अवजड बांधकाम तरंगत कसे ठेवायचे हे ज्ञान तिच्यापाशी होते. जर्मनीत बिब्लिस येथील अणुवीजकेंद्र २०११मध्ये बंद झाल्यावर त्यातील एक जनरेटर वीजनिर्मितीऐवजी ग्रिडचा, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याचा, व्होल्टेज सांभाळण्यासाठी चालवण्यात आला. इंधन गेले तरी ते यंत्र आणि ते समजणारे लोक हवेच होते.

माझ्या मते पारेषण आणि ग्रिड या बाजूकडे मित्रमंडळींत सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वीज कोळशाची असो, अणूची असो वा सूर्याची, उपकेंद्र, बिघाड होताच वीजप्रवाह तोडायला लावणारे प्रोटेक्शन रिले आणि भार व निर्मिती यांचा क्षणोक्षणी मेळ घालणारी माणसे यांच्याशिवाय ती कोणापर्यंत पोहोचत नाही, आणि सौर व पवन विजेचा वाटा वाढत जातो तसे हे काम अवघड होत जाते. औष्णिक केंद्रात वारंवारता आणि लोड यांच्याशी अनेक वर्षे झुंजलेल्या माणसाला त्याच्या मित्राने ही दिशा दाखवायला हवी. दाखवली जाते ती बहुधा सौर पॅनेल बसवण्याच्या एखाद्या छोट्या अभ्यासक्रमाची, ज्यात त्याच्या अनुभवाचा फारसा उपयोग होत नाही.

अर्थात अशा बदलाची किंमतही मित्राने लपवू नये. नव्या ठिकाणी पगार कमी असू शकतो, ज्येष्ठता जाते, प्रमाणपत्रे नव्याने मिळवावी लागतात, कधी घर हलवावे लागते. ज्याची नोकरी शाबूत आहे त्याने, ज्याची गेली आहे त्याला धाडसाचे धडे देण्याआधी, आपल्या कंपनीत जागा आहे का हे विचारून घ्यावे आणि आपला खरा पगार त्याला सांगावा.

तरुण मित्रांबद्दल मला विशेष काळजी वाटते. पदवीला ४ वर्षे लागतात आणि तेलाचा भाव त्याहून कमी वेळात उलटून जातो, त्यामुळे तेजी पाहून प्रवेश घेतलेला विद्यार्थी मंदीत बाहेर पडण्याची आणि मंदी पाहून मागे फिरलेल्याची संधी हुकण्याची शक्यता मोठी असते. १९८६च्या घसरणीनंतर पेट्रोलियम अभियांत्रिकी आणि भूविज्ञानाकडे येणारे विद्यार्थी रोडावले, भरतीही थंडावली, आणि पुढे त्याआधीची पिढी निवृत्तीला आली तेव्हा मधली अनुभवी फळीच उरली नव्हती. हे नुकसान कंपन्यांइतकेच, निव्वळ त्या वर्षीच्या भावामुळे आवडता विषय सोडून दिलेल्या मुलामुलींचेही होते.

यात वर्तमानपत्रांचीही मदत होऊ शकेल, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. जून २०२०मध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने १० हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा मथळ्यांत तो आकडाच ठळक होता. त्यातील बहुतेक नोकऱ्या कार्यालयीन असतील, हे कंपनीने सांगितलेले असूनही त्याकडे अनेकांचे लक्ष गेले नाही. रिगवरच्या किंवा रिफायनरीतल्या माणसासाठी त्या बातमीचा अर्थ या एका तपशिलाने बदलतो. नोकरकपातीची बातमी छापताना कोणत्या प्रकारचे काम कमी होत आहे, कारण भावाचे आहे की धोरणाचे की भांडवलाचे, आणि त्याच कंपनीत कोणत्या विभागात भरती सुरू आहे, एवढे शक्य तिथे द्यावे, अशी माझी आपणास विनंती आहे.

आपला नम्र,
ऊर्जा क्षेत्रात काम करणारा एक वाचक