दत्तास, उजव्या गुडघ्याबद्दल

शेफील्ड,
रविवार रात्र

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला पत्र नाही, फोन नाही, आणि तुझे तीन मेसेज मी वाचून तसेच ठेवले. कारणं सांगत बसत नाही. रागावला असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच, कारण हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही. इथे ज्यांना चिलखत कळतं त्यांना तुझा हात ठाऊक नाही, आणि घरी सांगितलं तर म्हणतात, "एका गुडघ्याचं एवढं काय?"

चिलखताचा उजवा गुडघा अडकतोय.

डावा लोण्यासारखा चालतो. उजवा 70 अंशांपर्यंत बरा वाकतो, मग आतल्या बाजूला कट् होतं आणि थांबतो. जोर केला तर पुढे सरकतो, पण खालची पट्टी वाटीच्या आत ओरखडा काढत जाते. दोन्ही एकाच कागदी नमुन्यावर बेतलेले, एक सरळ आणि एक उलटा. एकाच पत्र्यातले, एकाच हातोडीचे.

आधी रचना सांगतो, म्हणजे तुला डोळे मिटून दिसेल. काम मिलानी पद्धतीचं, 1440 च्या आसपासचं. ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात 'अवान्त' हा शब्द असलेलं जे चिलखत आहे, मूळचं दक्षिण टिरोलमधल्या चुरबुर्ग किल्ल्यातलं, त्याच वळणाचं. मांडीचा पत्रा, त्याखाली एक पट्टी, मग वाटी, मग आणखी एक पट्टी, आणि शेवटी नडगीवर उतरणारा पत्रा. वाटीच्या बाहेरच्या अंगाला पंखा, गुडघ्यामागच्या शिरा झाकणारा, मधोमध उभी मोड दिलेला, कारण मोडीमुळे पातळ पत्राही ताठ राहतो. प्रत्येक सांध्याला आत एक आणि बाहेर एक रिबीट, म्हणजे पत्रे जोडणारा ठोकलेला खिळा. चार सांधे, आठ रिबीटं. एका सांध्याने 30 अंश दिले की चारांचे 120 होतात, आणि तेवढ्यात माणूस गुडघा टेकून बसू शकतो, घोड्यावर चढू शकतो.

पाय सरळ असताना पट्ट्या वाटीखाली लपलेल्या असतात आणि वाकला की पुढून उघडत जातात. पूर्ण वाकल्यावरही वाटी आणि पट्टी एकमेकींवर निदान 7 ते 8 मिलिमीटर राहायला हव्यात, नाहीतर नेमक्या त्याच फटीत भाल्याचं टोक शिरतं. म्हणून पट्टीची कड ही नुसती सुंदर वळणाची रेघ नसते. रिबीट केंद्र धरून काढलेला तो कंस असतो. कंस चुकला की एक तर फट पडते, नाहीतर कड घासते. आणि आतलं नि बाहेरचं रिबीट एकाच आसावर नसेल तर पट्टी वाकताना पिळते. दाराच्या दोन बिजागऱ्या एका ओळंब्यात नसल्या तर दार जसं वागतं, अगदी तसं.

आता तू म्हणशील, भोकं चुकवलीस. तू हे म्हणणार हे मला पत्र सुरू करायच्या आधीच माहीत होतं. भोकांवरून आपलं जे भांडण झालं होतं (अण्णांनी शेवटी दोघांनाही चहा पाजून बाहेर काढलं ते), त्यात तुझंच बरोबर होतं, हे मी लेखी देतो. नमुन्यावरची भोकं ही फक्त खूण. मी आता वाटीत दोन भोकं पाडतो, पट्टी बसवून चिमट्यांनी धरतो, वाकवून बघतो, आणि मगच पट्टीत पहिलं भोक. पहिल्यात बोल्ट घालून पुन्हा वाकवायचं, मग समोरचं भोक. सगळं एम-4 च्या नटबोल्टांवर जुळवायचं आणि अंगावर चढवून बघायचं. तेही नुसत्या पँटवर नाही, आतल्या गुबगुबीत विजारीवर, आणि पाय वरच्या बंडीला कातडी पट्ट्याने टांगून. न टांगता बघितलं तर स्वतःच्या वजनाने सगळं दोनेक सेंटिमीटर खाली घसरतं, वाटी गुडघ्याच्या वाटीवर राहत नाही, आणि चांगलं कामही वाईट वाटतं.

हे सगळं केलं. बोल्टांवर दोन्ही गुडघे उत्तम चालत होते. मग सुटे करून पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम गार करत कडक केलं, आणि उजवा बिघडला.

पाणी देण्याचं नीट लिहितो, कारण चूक तिथेच आहे असं मला वाटतं. पोलाद साधारण अर्धा टक्का कार्बनचं. वाटीसाठी 1.6 मिलिमीटर, पट्ट्यांसाठी 1.2. वाटी तुझ्या पद्धतीने उचलली, म्हणजे खळग्यात ठोकून नाही, खुंट्यावर बाहेरून आत मारत. खळग्यात मारलं की पत्रा मध्यभागी ताणून पातळ होतो, आणि मार नेमका मध्यभागी बसतो. जुन्या चांगल्या कामात उलट असतं, समोर जाड, कडेला पातळ. बाहेरून आत उचलताना मधलं जाडपण शाबूत राहतं. कड मात्र जाड होत जाते, ती नंतर घासून उतरवावी लागते. तुमच्या तांबट आळीत हंडा असाच उचलतात, हे इथल्या लोकांना मी कितीदा सांगितलं असेल! फरक इतकाच की तांबं थंड उचलता येतं, मधूनमधून तापवून. हे पोलाद मी लालसर असतानाच मारतो. काळं पडलं की परत भट्टीत.

आकार झाल्यावर तीनदा ताण काढला. चुंबक सोडेपर्यंत तापवायचं, त्याच्या किंचित वर न्यायचं, आणि हवेत टांगून आपोआप थंड होऊ द्यायचं. मग विजेच्या भट्टीत 830 अंशांवर पाच मिनिटं, आणि 50-60 अंशांवर कोमट केलेल्या तेलात बुडवायचं. थंड तेल घट्ट असतं, पत्र्याभोवती वाफेची गादी धरून बसतं, आणि एक बाजू दुसरीच्या आधी कडक होते. बाहेर काढल्यावर कानस घसरली पाहिजे, चावता कामा नये. मग लगेच, त्याच तासात, 420 अंशांवर एक तास, आणि पुन्हा एक तास. नाहीतर पत्रा काचेसारखा, टेबलावरून पडला तरी चिरेल.

(यावर तुला ते पिंप आठवलंच असेल. तांब्याच्या सवयीने तू लालबुंद पोलाद पाण्यात सोडलंस, टण्ण असा आवाज आला, आणि तू मुन्नाकडे बघितलंस, जणू त्यानेच काहीतरी पाडलं. तांबं तापवून पाण्यात टाकलं की मऊच राहतं, आणि पोलाद त्याच पाण्याने कडक होऊन फुटतं, हे दोन वाक्यांत समजावण्याऐवजी मी तुझ्यावर ओरडलो होतो. ते ओरडणं मी मागे घेतो.)

तर उजव्याची खालची पट्टी तेलातून निघाली ती दोन्ही टोकांना मिळून 3 मिलिमीटर फाकलेली. शिवाय आतलं टोक किंचित पिळलेलं. नुसत्या डोळ्याला दिसतही नाही. दोन दिवस मी भोकांनाच दोष देत होतो. शेवटी 4 मिलिमीटरची सरळ सळई घेतली आणि बाहेरच्या भोकातून आतल्या भोकात घालून बघितली. डाव्याला सळई सरळ आरपार जाते. उजव्याला ती समोरच्या भोकाच्या 2 मिलिमीटर बाजूला टेकते. भोकं पट्टीत जागच्या जागी आहेत, पट्टीच फिरली आहे. फाकलेली टोकं वाटीला आतून दाबतात, म्हणून ओरखडा. पिळामुळे आस हलला, म्हणून कट्.

आणि का फिरली? इथे मला तू हवा आहेस. तिन्ही वेळा ताण काढून झाल्यावर मला उजव्या पट्टीवर आतल्या बाजूला हातोडीचा एक खड्डा दिसला. तो मी थंडच, गुळगुळीत हातोडीने वीस-पंचवीस हलक्या ठोक्यांत सपाट केला. आणि पुन्हा ताण न काढता तशीच भट्टीत घातली. डाव्या पट्टीला हे केलेलं नाही. एवढा एकच फरक मला सापडतो. तू मठार (तांब्यावर ठोक्यांची नक्षी) करताना म्हणायचास, पत्रा मार विसरत नाही, तापवल्याशिवाय. मला ते शोभेच्या कामापुरतं वाटायचं. वीस हलके ठोके 3 मिलिमीटर फाकवू शकतात का? की मी तेलात ती तिरकी घातली? कडेवर उभी, सरळ घालायला हवी, आणि ती त्या वेळी चिमट्यात थोडी सरकली होती हेही खरं आहे. तुझ्या हाताला काय वाटतं ते मला पाहिजे.

एक संधी तेलातून काढल्या काढल्याही होती. अर्धा टक्का कार्बनचं पोलाद साधारण 320 अंशांखाली उतरेपर्यंत कडक व्हायला लागत नाही, ते पाच-सात सेकंद पत्रा हातमोज्याने दाबूनही वळतो. मी ते करतोही, पण त्या पट्टीच्या वेळी वाकडेपणा दिसलाच नाही, कारण मी फक्त कमानीकडे बघत होतो, टोकांकडे नाही.

आता पुढे काय, याच्यावर चार रात्री चालल्या आहेत.

पहिला मार्ग सगळ्यांनी सुचवलेला: आतलं भोक कानशीने लांबट करायचं. रिबीट त्यात सरकेल, अडकणं जाईल, संध्याकाळपर्यंत काम खलास. सरकती रिबीटं जुन्या कामात आहेतच, सोळाव्या शतकात तर सर्रास. पण तिथे ती पट्टीच्या मुळच्या रचनेत धरलेली असतात. इथे मी चूक झाकायला भोक वाढवणार, पट्टीला धरणारं केंद्रच ढिलं करणार, आणि ती पळताना खुळखुळणार. आणि वाकल्यावर ते 7 मिलिमीटर उरतीलच याची खात्री नाही. माझं मन घेत नाही.

दुसरा: पट्टी लोखंडी साच्यावर आवळून पुन्हा 420 वर ठेवायची. फाकलेलं थोडं मिटतं हे मी अनुभवलंय, एखादा मिलिमीटर. तीन नाही, आणि पीळ तर नाहीच.

तिसरा: पुन्हा मऊ करायची, सरळ करायची, ताण काढायचा, पुन्हा पाणी. पत्रा 1.2 चा आहे, आणि प्रत्येक तापवण्यात खपली निघते, वरच्या थरातला कार्बन जळतो. पॉलिश झाल्यावर ती कडेला 0.9 वर येईल असा अंदाज आहे.

चौथा, ज्याने झोप घालवली: पाणीच द्यायचं नाही. नवी पट्टी मऊच ठेवायची. कारण प्रश्न खरा आहे. पंधराव्या शतकातल्या मिलानी चिलखतांचे कण जुन्या धातूंचे अभ्यासक अ‍ॅलन विल्यम्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, त्यांत पोलाद आहे, पण पूर्ण पाणी दिलेलं काम क्वचित. कारागीर लवकर थांबत, किंवा अर्धवट गार करून सोडून देत. आणि ते बरोबरच होतं. त्यांचं पोलाद आपल्यासारखं एकजीव नव्हतं. एकाच पत्र्यात इथे कार्बन जास्त, तिथे कमी, मध्ये मळीचे धागे. असा पत्रा पूर्ण विझवला तर महिन्याचं काम एका क्षणात चिरायचं. विझवून मग पुन्हा तापवून कडकपणा नेमका उतरवायची पद्धत पुढे ऑग्सबुर्ग, लांड्सहूट, इन्सब्रुककडच्या लोकांनी पक्की बसवली. म्हणजे 1440 च्या मिलानी गुडघ्याला मी 420 अंशांचं दुहेरी काम देतोय, ते मिलानी आहे की नाही? आकार मिलानचा आणि धातू इन्सब्रुकचा झाला तर त्याला काय म्हणायचं?

माझं उत्तर मी बनवलंय, तरी तू सांग. ज्याच्यासाठी बनवतोय तो हे घालून खऱ्या भाल्यासमोर उभा राहणार आहे. मऊ पत्र्याला तेवढी ताकद द्यायची तर तो जाड करावा लागेल, जाड केला की वजन वाढलं आणि जाडी, वळण, ध्वनी सगळंच मूळच्यापासून दूर गेलं. पातळ आणि कडक ठेवला तर निदान वजन आणि चाल खरी राहते. मला चाल महत्त्वाची वाटते. इथून जवळच लीड्सला आठव्या हेन्रीचं 1520 चं पायी लढतीचं चिलखत आहे, 235 तुकड्यांचं, अंगाचा एक इंचही उघडा नाही. ते मुळात पूर्णही झालं नाही, सामन्याचे नियम बदलले म्हणून मागे पडलं. पण त्याच्या गुडघ्यामागच्या पट्ट्या बघितल्या की कळतं, त्या कारागिरांना धातूइतकीच माणसाच्या हाडांची माहिती होती. अशा कामासमोर उभं राहून मी लांबट भोकाचा गुडघा देऊ?

म्हणून नवीन पट्टी कापायची, असं ठरत आलंय. या वेळी टोकांमध्ये एक आडवी सळई ठेवून, भोकांतूनच बोल्टने आवळून, तशीच भट्टीत आणि तशीच तेलात. भीती एवढीच की सळई जाड, ती उशिरा गार होणार, आणि तिच्याजवळचा पत्रा नीट कडक होणार नाही. रिबीटाजवळ मऊ राहिलेला पत्रा मला चालेल, तिथे थोडं मऊ असणं चांगलंच. तुला काय वाटतं? रिबीट ठोकताना मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घालायची तुझी युक्ती मात्र अजून तशीच चालू आहे. ठोकून झाल्यावर ओढून काढला की सांध्याला जेवढी मोकळीक हवी तेवढीच मिळते, ना कमी ना जास्त. पोस्टकार्डं संपत आलीत, पाठव.

माझी तब्येत ठीक. खांदा दुखतो, विशेष नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते वहिनींच्या स्टेटसवर कळलं. जिना चढतात का आता? त्यांना सांग, तुमचा गुडघा माझ्या गुडघ्यापेक्षा लवकर चालायला लागला. बंबाचा फोटो बघितला. झाकणावरचा मठार फार देखणा आलाय, पण तोटी तुझी नाही, खरं की नाही? पिंकीची दहावी या वर्षी ना? तिला शुभेच्छा, मी मागचे दोन वाढदिवस विसरलो हेही तिला सांग. दुकानाच्या भाड्याचं काय झालं ते लिही.

पट्टी टेबलावर आहे, तिला अजून कानस लावलेली नाही. गुरुवारी नवीन पत्रा कापायला घेणार. त्याआधी फोन कर, तुझ्याकडे रात्री नऊ म्हणजे मी कामावरच असतो, पण उचलेन. त्या वीस ठोक्यांचं आधी सांग.

तुझा,
सुधीर