कुरडयांचा डबा

सांगली, २ जून

चि. सौ. अनघास अनेक आशीर्वाद.

कुरडयांचा डबा इथेच राहिला. आई म्हणते राहिला नाही, ती ठेवून गेली. खरं असेल. लग्नघरात नमूआत्या, तुझ्या जावा, सगळ्यांसमोर "तुझं तोंड सुजल्यासारखं का दिसतंय गं" हे मी विचारायला नको होतं. "बाबा, जाड झालेय असं सरळ म्हणा ना" म्हणालीस आणि जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. चूक माझी. पण मला जाडी म्हणायची नव्हती. काय म्हणायचं होतं ते तोंडाने नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात, सांगलीच्या उकाड्यात, तू रात्री पंखा बंद करून आईची गोधडी ओढून झोपलीस. मी पाणी प्यायला उठलो होतो, तेव्हा पाहिलं. त्या गोधडीनेच मला झोप येईना.

तुझ्या दहावीच्या आधीची दोन वर्षं आई अशीच गोधडीत असायची. तुला आठवतं का ठाऊक नाही. मटार सोलता सोलता बसल्या जागी डुलकी लागायची. पोट साफ होत नाही म्हणायची. पाळीचा त्रास वाढला, तर दवाखान्यातून लोहाचं टॉनिक आलं. भजनी मंडळात तिचा आवाज खाली खाली गेला, घोगरा झाला. शेवटी ती मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवायला लागली. बोटं इतकी सुजली की लग्नातली अंगठी सोनाराकडे कापून काढावी लागली. सोनार छोटी कानस घेऊन घासत होता, आई दुसरीकडे बघत होती, आणि मी, मूर्ख माणूस, तिथेसुद्धा म्हणालो, "रोज सकाळी फिरायला जा, सगळं उतरेल."

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. आयोडीनच्या अभावी कोणता विकार होतो? गलगंड. १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, हे मुलांकडून घोकून घेतलं. पुस्तकात गळ्याला मोठी गाठ आलेल्या बाईचं चित्र होतं. आपल्या घरात मीठ आयोडीनचं, आईच्या गळ्याला गाठ नाही, मग थायरॉईड कुठून येणार? शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या अवटू ग्रंथीवर, म्हणजे थायरॉईडवर, उलटते आणि तिला हळूहळू निकामी करते, त्यात मिठाचा दोष नसतो, हे मला आईच्या रक्ततपासणीत टीएसएच ६२ आल्यावर कळलं. साधारण चारच्या आत हवा असतो. वर्गात सांगायचो तसं सांगतो: मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी म्हणजे मुख्याध्यापक, थायरॉईड म्हणजे तिच्या हाताखालचा शिक्षक. खालचा शिक्षक काम करेनासा झाला की वरून ओरडा वाढत जातो. तो ओरडा म्हणजे टीएसएच. आकडा मोठा, म्हणजे ग्रंथी मंद.

झालं, तास सुरू झाला माझा. माफ कर.

पण तुझे केस न्हाणीच्या जाळीवर गोळा झालेले मी काढले. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ वाटल्या, ते तू कोरून घेतल्यामुळे असेल. दमणूक, थंडी, केस, यातलं प्रत्येक दुसऱ्या कशानेही होतं. रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल, तुझी ती रात्रपाळी असेल. म्हणूनच डॉक्टरांना दाखव म्हणतो. मी निदान करत नाही. पण आईला आहे म्हटल्यावर तुला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, एवढं तरी ऐक.

आणि ते आंब्याच्या चवीचे चघळायचे गोळे, केसांसाठी म्हणून खातेस ते? डबीवर बायोटिन लिहिलंय. त्याने काही तपासण्यांत टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो, म्हणजे खरा वाढलेला असला तरी लपतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेव आणि डॉक्टरांना तसं सांग.

नमूआत्याचं तर उलटंच झालं होतं. भरपूर जेवायची आणि वाळत चालली होती, हात घामेजलेले, कपबशी धरली की वाजायची. आपण सगळे तिला "काय बारीक झालीस, छान दिसतेस" म्हणत होतो. ग्रंथी जास्त काम करत होती. आपल्या घराला कौतुकही वेळेवर जमत नाही.

हे पुढचं आईने लिहायला हवं, पण ती म्हणाली, पत्र तुमचं, तुम्हीच लिहा. तू आणि शिरीष पुढचा विचार करत असाल, नसालही, आम्ही विचारत नाही. करत असाल तर त्याआधी ही तपासणी करून घे. पहिल्या तीनेक महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, सगळी भिस्त आईच्या थायरॉईडवर. संपलं. या विषयावर पुन्हा बोलणार नाही.

तू पहिला पगार झाला तेव्हा आईच्या हातात नवी अंगठी ठेवलीस, एक माप मोठी. "आता कापायला नको." ती आईने देव्हाऱ्यात ठेवली होती, सूज उतरल्यावर ती बोटातून गळायची. तुला वाईट वाटेल म्हणून तुला कधी सांगितलं नाही. आता दोरा गुंडाळून घालते.

रोज पहाटे साडेपाचला मी तिला थायरॉईडची गोळी देतो, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियमची गोळी दुपारी, चार तासांचं अंतर ठेवून. उठल्याबरोबरचा चहा गेला याचंच तिला दुःख, थायरॉईडचं नाही. तिची सकाळची टकळी परत आली, तेवढ्यावर माझं भागतं.

बघ, सगळं पत्र त्याच एका गोष्टीवर गेलं. कुरडया शनिवारी कुरिअरने पाठवतो. डब्यात चिठ्ठी नसेल.

गोळीला तासभर झाला, चहा टाकतो.

तुझा,
बाबा

ता. क. रविवारी फोन करीन. आधी आंबे कसे निघाले ते विचारीन, मग रक्त दिलंस का ते.