३८१६५४७२९ : असा आकडा कोड्यांच्या पानावर यावा

संपादक साहेब, नमस्कार.

कोड्यांच्या पानावर रोज सुडोकू असतंच, पण अधूनमधून असा एखादा मोठा आकडापण छापा ना, मुलं अक्षरशः तुटून पडतील. ३८१६५४७२९ घ्या. यात १ ते ९ सगळे अंक एकेकदाच आलेत, आणि डावीकडून दोन अंक घेतले की ३८ ला २ ने भाग जातो, तीन घेतले की ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असं करत थेट ९ पर्यंत, बाकी कुठ्ठे उरत नाही! या अंकांच्या ३,६२,८८० मांडण्यांत हे जमणारी ही एकच.

खरी मजा कारणांत आहे. शून्य नाही म्हणून पाचव्या जागी ५ च येणार, सम जागांवर सम अंकच बसणार, आणि ९ चं टेन्शनच नाही कारण बेरीज कायम ४५. सगळं अडतं ते ७ पाशी. साधं ९८७६५४३२१ करून बघा, बाकी सगळ्या पायऱ्या पार करतं आणि ९८७६५४३ ला ७ ने भागलं की ५ उरतात, खेळ खल्लास. आपल्या आकड्यात मात्र ३८१६५४७ भागिले ७ बरोब्बर ५४५२२१.

उत्तर दुसऱ्या दिवशी छापा, पण कारणासकट, प्लीज.

– एक गणितप्रेमी वाचक