विद्यापीठाचा मेल सर्वर भंगारात काढायच्या आधी थोडं थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, आपल्या बडोद्यातल्या एका विद्यापीठाने स्वतःचा ईमेल सर्वर बंद करायचं ठरवलंय आणि सगळ्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, ऑफिसच्या लोकांना एका मोठ्या परदेशी कंपनीच्या ईमेलवर नेणार आहेत. बातमीत जुनी सिस्टिम "कालबाह्य" आणि नवीन सेवा "मोफत" असं लिहिलं होतं. ते वाचल्यापासून मला चैन नाही, कारण तो सर्वर मी अठरा वर्षं सांभाळलाय, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. विद्यापीठाचं नाव मुद्दाम घेत नाही, बडोद्यात आता विद्यापीठं कमी नाहीत आणि माझं भांडण तिथल्या कुणा एका माणसाशी नाही. पण जे चाललंय ते मला पटत नाही आणि ते सांगायला दुसरी जागाही नाही.

आधी कालबाह्यचं बघू. आमच्याकडे लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पोस्टफिक्स होतं, ते मेल घ्यायचं आणि पाठवायचं काम करतं, डोव्हकॉट होतं ज्याच्यातून लोक आपली पेटी उघडून बघतात, ब्राउझरमध्ये बघायला राउंडक्यूब आणि कचरा मेल गाळायला स्पॅमअसॅसिन. हे सगळं ओपन सोर्स, म्हणजे प्रोग्राम उघडा आहे, कुणीही वाचावा, बदलावा, लायसन्सचा एक रुपया नाही. पोस्टफिक्स विट्सा व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं, १९९८ ला बाहेर आलं आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात, जगभर चालतं. मेलची बाकीची सॉफ्टवेअर बघा, त्याच्या आधीचं सेंडमेल बर्कलीच्या विद्यापीठात लिहिलं गेलं, एक्झिम १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात फिलिप हेझल यांनी लिहिलं, सायरस कार्नेगी मेलनचं, पाइन वॉशिंग्टन विद्यापीठाचं. म्हणजे आज जे काम विद्यापीठाला झेपणार नाही म्हणून बाहेर देतायत त्या कामाची निम्मी हत्यारं विद्यापीठांच्या कॉम्प्युटर सेंटरमध्येच घडली आहेत, आपल्याच लोकांची गरज म्हणून. जुनं झालं होतं ते मशीन. नऊ वर्षांचं झालं होतं, नवीन घ्यायला मी तीन वेळा फाइल वर पाठवली आणि तिन्ही वेळा ती शेरा मारून खाली आली. मी गेल्यावर माझी जागा भरली नाही, काम एजन्सीच्या मुलाकडे, तोही दरवर्षी नवा. अशी सिस्टिम कोणतीही असली तरी दोन वर्षांत खिळखिळी होणार, त्याला सॉफ्टवेअर काय करेल.

आमचं सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. एकदा एका क्लार्कने "तुमची पेटी भरली आहे, इथे पासवर्ड टाका" अशा खोट्या मेलला उत्तर दिलं आणि रात्रीतून त्याच्या खात्यावरून हजारो कचरा मेल बाहेर गेले, सकाळी आमचा पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे ज्यांचा मेल घ्यायचा नाही अशांच्या यादीत. तीन दिवस बाहेर पाठवलेलं सगळं बाउन्स होत होतं, कुलगुरूंच्या ऑफिसमधून दर तासाला फोन, मी जेवायला घरी गेलो नाही. आणि आता मोठ्या कंपन्या छोट्या सर्वरशी जास्त कडक वागतात, २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्याच पत्त्यावरून आलाय हे पटवणाऱ्या खुणा, हे सगळं सक्तीचं केलं. हे नीट बसवायला माणूस लागतो आणि तो शिकलेला लागतो, हे मला मान्य आहे. पण तो माणूस ठेवायचा की नाही हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर "मोफत" या शब्दाखाली झाकून टाकलंय.

दुसरी आठवण सांगतो. ३१ जुलै २०१९, बुधवार. त्या दिवशी बडोद्यात साधारण वीस इंच पाऊस पडला, विश्वामित्री घराघरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्याचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील. आमची सर्वर रूम तळमजल्यावर. पाणी तिसऱ्या पायरीवर आलं तेव्हा मी आणि आमचा शिपाई, दोघांनी मिळून मशीन नीट बंद केलं, यूपीएस काढला, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या मजल्यावर लायब्ररीच्या कपाटात ठेवल्या. तीन दिवस विद्यापीठाचा ईमेल पूर्ण बंद. शनिवारी दुपारी लाइट आली तेव्हा सर्वर चालू केला, लॉग, म्हणजे सर्वर आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची ओळ लिहीत जातो ती नोंदवही, उघडून काळ्या स्क्रीनसमोर बसलो. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नाही आणि मग एकेक ओळ सरकायला लागली, मग दहा, मग डोळ्याला पकडता येईनात इतक्या. ज्यांनी ज्यांनी बुधवारपासून मेल पाठवले होते त्यांचे सर्वर थांबून थांबून परत प्रयत्न करत होते. ईमेलची रीतच अशी ठरवलेली आहे, समोरचा दार उघडत नसेल तर पाठवणारा चार-पाच दिवस दार वाजवत राहतो आणि मगच मेल परत करतो. संध्याकाळपर्यंत सगळं आत आलं. त्यात केमिस्ट्रीच्या एका मुलाचं परदेशातल्या फेलोशिपचं पत्र होतं, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, तो ओल्या चपलांनिशी जिन्यावर येऊन उभा होता. मी त्याला लॉगमधली त्याच्या नावाची ओळ दाखवली. तो मुलगा त्या ओळीकडे ज्या नजरेने बघत होता ती मी विसरू शकत नाही.

तळमजल्यावर सर्वर ठेवणं ही चूकच होती, मान्य. ती पहिल्या मजल्यावर नेऊन सुधारता येते.

आता मोफत. गूगलची शाळा-कॉलेजांसाठीची सेवा सुरुवातीला मोफत होती आणि जागाही अमर्याद, त्यावर विश्वास ठेवून जगभरच्या विद्यापीठांनी स्वतःचे सर्वर बंद केले. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की अमर्याद जागा बंद, जुलै २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी (एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी), त्यात मेलही आला, ड्राइव्हवरच्या फायलीही आल्या. मायक्रोसॉफ्टनेही पुढे तसंच केलं, २०२४ पासून त्यांच्याकडेही संस्थेला मिळून १०० टीबी. ऐकायला खूप वाटतं. चाळीस हजार खाती धरा आणि भागून बघा, माणशी अडीच जीबी पडते. आमच्या एका लॅबच्या मायक्रोस्कोपचे फोटो एका सेमिस्टरमध्ये त्याहून जास्त होतात. आणि एवढे दिवस भरत आलेलं सामान आता कुठे नेणार, स्वतःचा सर्वर तर काढून टाकलेला, सर्वर चालवणारा माणूसही गेलेला. मग जास्तीची जागा विकत घ्यावी लागते नाहीतर लोकांची खाती छाटावी लागतात. माजी विद्यार्थी आणि रिटायर झालेले शिक्षक यांच्यावर पहिली कात्री चालते.

सर्नसारख्या संस्थेलाही हे चुकलं नाही. जिनिव्हाची एवढी मोठी प्रयोगशाळा, वर्ल्ड वाइड वेब जिथे जन्मलं, तिला मायक्रोसॉफ्टने शैक्षणिक संस्था म्हणून मिळणारा दर २०१९ मध्ये काढून घेतला आणि लायसन्सचा खर्च दहापटीच्याही वर गेला. हे येणार म्हणून आदल्या वर्षीच त्यांनी ओपन सोर्सकडे वळायचं काम हाती घेतलं होतं. आणि आपल्या गुजरातचंच बघायचं तर गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, वाडीनारच्या नायरा एनर्जीवर युरोपियन युनियनने निर्बंध घातले आणि त्यांच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा बंद झाल्या, कंपनीला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं तेव्हा काही दिवसांनी त्या परत सुरू झाल्या. त्या निर्बंधांच्या वादात मी शिरत नाही. पण एवढी मोठी रिफायनरी, वकिलांची फौज असलेली, तिचीही स्वतःच्याच मेलसाठी धावपळ झाली. आपल्या विद्यापीठाचा रजिस्ट्रार अशा वेळी कुठे जाणार?

मला सगळ्यात जास्त लागलंय ते बॉटनीच्या आमच्या एका मॅडमचं. गेल्या वर्षी ट्रायल म्हणून दोन फॅकल्टी आधी नव्या मेलवर नेल्या, त्यात त्या होत्या. पावागढ आणि जांबुघोडाच्या जंगलातल्या झाडांवर चौदा वर्षं काम, वनखात्याच्या लोकांशी, दुसऱ्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांशी सगळा पत्रव्यवहार मेलवर, कुठलं रोप कुठे सापडलं, कुणी काय ओळखलं, कुणाचं म्हणणं नंतर चुकीचं निघालं. त्या रिटायर झाल्या आणि नव्या नियमाप्रमाणे महिन्याभरात खातं बंद. सूचना आली होती म्हणतात, पण ती त्याच खात्यावर आली आणि मॅडम तेव्हा मुलीकडे पुण्याला होत्या. परत आल्यावर विचारलं तर उत्तर मिळालं की ठरलेली मुदत संपली, आता आमच्या हातात काही नाही, कंपनीला लिहा. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, तुमच्या ॲडमिनला विचारा. दांडिया बाजारात माझ्या घरी आल्या त्या दिवशी, लॅपटॉप पिशवीत, खुर्चीवर बसल्या आणि पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, माझी सगळी वही गेली."

जुन्या सिस्टिममध्ये हे असं झालं नसतं. तिथे प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर असायचं, त्यात एक पत्र म्हणजे एक फाइल, साध्या नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. रिटायर होणाऱ्या प्रत्येकाला मी शेवटच्या दिवशी त्याचं फोल्डर पेन ड्राइव्हवर देत होतो, सोबत एक कागद, हे कसं उघडायचं. साठ-सत्तर लोकांना तरी दिलं असेल. कुठली परवानगी लागत नव्हती, कुठल्या कंपनीला विचारायला लागत नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती पैशात मोजता येत नाही. दरवर्षी एमसीए आणि इंजिनिअरिंगची दोन-तीन मुलं सेंटरला यायची, मी त्यांना मेलचं हेडर, म्हणजे मेलच्या वरच्या प्रवासाच्या नोंदी, वाचायला शिकवायचो, पत्र कुठून निघालं, कुठे कुठे थांबलं, खालून वर वाचत जायचं. एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्वरकडे द्यायचा ते सांगणारी नोंद, कशी असते, क्यूमध्ये म्हणजे रांगेत अटकलेला मेल कसा सोडवायचा, हे ती चालू सर्वरवर शिकली, थोड्या चुकाही केल्या. त्यातला एक आज बँकेच्या डेटा सेंटरला आहे, दिवाळीला येतो तेव्हा अजून त्याच गोष्टी काढतो. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, मुलांनी हाताने काम करून विद्या शिकावी म्हणून, तिथल्या विद्यापीठात आता कॉम्प्युटर सेंटरचं काम म्हणजे कंपनीच्या पॅनलवर पासवर्ड रिसेट करणं एवढंच उरणार असेल तर मला वाईट वाटतं, मनापासून वाईट वाटतं.

कुणी म्हणेल आता सगळं जग तिकडेच चाललंय. सगळं नाही. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२५ मध्ये चाळीस हजारांवर सरकारी मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टवरून काढून ओपन सोर्सवर नेले, ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरवर. आपल्या केंद्र सरकारचंही २०१५ चं धोरण आहे की सरकारी कामात ओपन सोर्सला आधी पसंती द्या. विद्यापीठाने हे सगळं बघून, विचार करून नाही म्हटलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण सिनेटपुढे हा विषय आलाच नाही, शिक्षकांना थेट सर्क्युलर मिळालं.

तरीही जायचंच ठरलं असेल तर एवढं तरी करा. डोमेनचं नाव (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते) आणि त्याचा डीएनएस, म्हणजे त्या नावाचा मेल कुठे जायचा हे ठरवणारी नोंद, स्वतःच्या हातात ठेवा, म्हणजे उद्या दुसरीकडे जायचं झालं तर जाता येईल. दरवर्षी सगळ्या मेलची एक प्रत एमबॉक्समध्ये, म्हणजे मेल साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवायच्या फॉरमॅटमध्ये, काढून विद्यापीठाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, हा फॉरमॅट पन्नास वर्षं जुना आहे आणि आजही कुठेही उघडतो. रिटायर होणाऱ्याला निदान वर्षभराची मुदत द्या आणि सूचना कागदावर, घरच्या पत्त्यावर पाठवा. करारात बाहेर पडायच्या अटी आधी वाचा, मग सही करा.

आणि सगळ्यात तातडीचं. जुनं मशीन अजून त्या खोलीत आहे, मी मागच्या महिन्यात जाऊन बघून आलो, डिस्क आत आहेत. भंगाराच्या यादीत त्याचा नंबर लागलाय असं स्टोअरच्या माणसाने सांगितलं. त्या डिस्कवर मॅडमची ट्रायलच्या आधीची तेरा वर्षांची पत्रं जशीच्या तशी आहेत, आणि त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी जणांची. ते मशीन लिलावात जायच्या आधी मला दोन दिवस त्या खोलीत बसू द्या, पैसे नकोत, चहाही मी घरून आणीन. आणि ज्या शिक्षकांना आपली जुनी पत्रं हवी असतील त्यांनी आजच रजिस्ट्रारकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक रिकामी हार्ड डिस्क तयार ठेवा.

आपला,
एक निवृत्त सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर
दांडिया बाजार, बडोदे