घरघर आणि ‘वाफ’

महोदय,

बाळाची छाती घरघरू लागली की पालक ‘वाफ द्या’ म्हणून हट्ट धरतात; मीही धरला होता. (ती वाफ नव्हेच, नेब्युलायझर यंत्रातून येणारे खारट पाण्याचे तुषार.) ब्राँकिओलायटिस, म्हणजे तान्ह्या बाळांना घरघर लावणारा छातीचा आजार, बहुतेकदा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट स्रावाने तुंबतात. ३ टक्के सलाइनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, तुषारांनी तो स्राव सैल होईल, ही कल्पना पटते. पण २०१४च्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शिकेने रुग्णालयात दाखल बाळांपुरतीच त्याची मुभा ठेवली, ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचार-मार्गदर्शक संस्थेने २०१५मध्ये तीही नाकारली. खरा आधार ऑक्सिजनचा आणि पोटात जाणाऱ्या दुधाचा. बाळ नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पीत असेल, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, तर नेब्युलायझर शोधत बसू नका, रुग्णालय गाठा.

— एक पालक