पोलीस-नागरिक सहकार्याला स्वतंत्र लेखाशीर्ष हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्पाच्या दिवसांत पोलिसांना किती गाड्या मिळाल्या, किती कॅमेरे बसणार, याच्या ठळक बातम्या येतात. पण याच पोलिसांनी वस्तीतल्या लोकांसोबत, शाळा-रुग्णालयांसोबत बसून गुन्हा घडण्याआधीच रोखावा, या कामासाठी किती पैसे ठेवले हे शोधूनही सापडत नाही. बहुतेकदा त्या कामाला स्वतंत्र लेखाशीर्षच, म्हणजे अर्थसंकल्पात त्याच्या खर्चाचे वेगळे खातेच, नसते. माझी सगळी नोकरी सरकारी लेखा विभागात झाली, म्हणून ही गोष्ट मला जास्त खुपते. लेखाशीर्ष नसलेल्या कामाला सरकारदरबारी कुणी वाली नसतो. पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री त्यालाच लागते.

अशा भागीदारीसाठी ब्रिटनने १९९८ मध्ये कायदाच केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये आपल्या भागातले गुन्हे कमी करण्याची जबाबदारी एकट्या पोलिसांवर न ठेवता पालिकेवरही टाकली. पुढे आरोग्य, अग्निशमन आणि प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारे) खातीही त्यात आली. रस्त्यावरचे दिवे, मोकळी मैदाने, दारूच्या दुकानांचे परवाने यांबाबत निर्णय घेताना गुन्ह्यांवर काय परिणाम होईल याचा विचार करणे पालिकेला बंधनकारक झाले. कल्पना उत्तम होती आणि सुरुवातीला तिच्यासाठी गृहखात्याचा वेगळा निधीही होता.

त्या निधीचे पुढे काय झाले, ते आपण समजून घेतले पाहिजे. २०१२ मध्ये तिथे मतदानाने पोलीस व गुन्हे आयुक्त, म्हणजे आपल्या भागातल्या पोलिसांचे धोरण आणि पैसा ठरवणारे लोकप्रतिनिधी, निवडले गेले. २०१३-१४ मध्ये हा निधी त्यांच्याकडे वळवला, तोही अमुक कामावरच खर्च करा असे बंधन न घालता. पुढच्याच वर्षी तो पोलिसांच्या मुख्य अनुदानात मिसळून टाकला. त्याच दशकात काटकसरीपायी पोलीस बळ सुमारे २० हजारांनी घटले होते. मनुष्यबळ अपुरे पडले की तातडीच्या फोनला धावून जावेच लागते. मग रोज त्याच गल्लीतून फिरणारा, दुकानदाराला नावाने ओळखणारा पोलीस तिथून काढून गाडीवर बसवला जातो. २०१९ मध्ये २० हजार जणांची भरती जाहीर झाली आणि मार्च २०२३ पर्यंत ती पूर्णही झाली. पण त्या गल्लीची वर्षानुवर्षांची ओळख नव्या भरतीबरोबर परत येत नाही.

हिंसाचार कमी करण्यासाठी २०१९ मध्येच तिथे १८ पोलीस क्षेत्रांत खास पथके उभी राहिली. त्यांना साडेतीन कोटी पौंड मिळाले, पण एका वर्षापुरते. नंतर दरवर्षी नूतनीकरण होत राहिले आणि तीन वर्षांची हमी मिळायला २०२२ उजाडले. असा वर्षावर्षाचा निधी कसा खर्च होतो, हे मी आपल्याकडे जवळून पाहिले आहे. मंजुरी दिवाळीनंतर येते, रक्कम जानेवारीत खात्यावर पडते आणि ३१ मार्चला ती खर्च झाली नाही तर व्यपगत होते, म्हणजे हातची जाते. दोन महिन्यांत समुपदेशक नेमता येत नाही. जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, मुलाखती घ्यायच्या, चारित्र्य पडताळणी करायची, एवढ्यात मार्च उलटतो. खांब, फलक, टोप्या आणि कॅमेरे मात्र घेता येतात. देयक जोडले, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवले की फाइल बंद. यात कुणी चोरीच करतो असे माझे म्हणणे नाही. मार्चअखेरच्या नियमात वस्तू बसते आणि माणूस बसत नाही, म्हणून वस्तूच घेतली जाते.

कॅमेऱ्यांना माझा सरसकट विरोध नाही. पण १९९६ ते १९९८ या काळात ब्रिटिश गृहखात्याने गुन्हे रोखण्यासाठीच्या खर्चापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक रक्कम एकट्या सीसीटीव्हीवर घातली होती. नंतर झालेल्या अभ्यासांत असे दिसले की वाहनतळांवरच्या चोऱ्या कॅमेऱ्यांमुळे कमी होतात, मारामाऱ्यांवर मात्र फारसा परिणाम होत नाही.

थोड्या पैशात काय होऊ शकते, हे वेल्सच्या कार्डिफ शहरात दिसले. तिथले जबड्याचे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. त्यांनी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर दोन-तीन प्रश्न वाढवले. मारहाण कुठे झाली? केव्हा? कशाने मारले? रुग्णाचे नाव वगळून ही माहिती पोलीस आणि पालिका यांच्यासोबतच्या बैठकीत ठेवली जाई. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या मद्यालयाबाहेर, रात्री किती वाजता डोकी फुटतात हे त्यातून नेमके कळू लागले. मग गस्तीच्या जागा आणि वेळा बदलल्या, काचेच्या ग्लासांबाबत मद्यालयांवर दबाव आला, काही रस्ते केवळ पादचाऱ्यांसाठी राखले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हिंसाचारामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी राहिले. खर्च कशाचा होता? खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या मिनिटभराचा, माहिती जुळवणाऱ्या एका माणसाच्या पगाराचा आणि ठरलेल्या दिवशी न चुकता बैठकीला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वेळेचा. हा खर्च दरवर्षी, न थांबता करावा लागतो, एवढेच.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली आणि गावांना लोकसंख्येनुसार लाखांची बक्षिसे मिळाली. गावागावांत समित्या बसल्या, भावकीतले जुने दावे मिटले, हे चांगलेच झाले. पण बक्षीस एकदा मिळते आणि भांडणे दरवर्षी होतात. बक्षिसातून सभामंडप उभा राहतो, समितीचे पुढच्या दहा वर्षांचे काम त्यातून चालत नाही.

पोलीस पाटलाचे पद मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. १९६७ चा कायदा त्याच्या पाठीशी आहे, गाव त्याला ओळखते आणि २०२४ मध्ये त्याचे मानधन दरमहा १५ हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. रक्कम पुरेशी आहे की नाही यावर वाद होऊ शकेल, पण ती दरमहा मिळते, बक्षीस म्हणून नाही. शहरातल्या वस्तीला असा नेमलेला माणूसच नाही. तिथे सणाच्या तोंडावर शांतता समितीची बैठक बोलावतात, नेहमीचेच चेहरे येतात, चहा होतो, छायाचित्र निघते.

समित्यांना पैसे दिले तर ते गल्लीतल्या दादांच्या खिशात जातील, ही शंका खोटी नाही. पोलिसांशी ओळख मिरवण्यासाठी समितीवर बसणारे मीही पाहिले आहेत. म्हणून समितीच्या हाती रोख रक्कम देऊच नये. पैसे ठरलेल्या कामांना आणि नेमलेल्या माणसांना द्यावेत: शाळा सोडलेल्या मुलांच्या मागे लागणारा कार्यकर्ता, रुग्णालयातील नोंदी जुळवणारा कर्मचारी, एका वस्तीला किमान तीन वर्षे बांधलेला हवालदार. हिशेब दर सहा महिन्यांनी पोलीस ठाण्याबाहेर लावावा. किती बैठका झाल्या यापेक्षा त्या भागातल्या कोणत्या तक्रारी कमी झाल्या, ते त्यात असावे. लेखापरीक्षणाला हे मुळीच अवघड नाही, मी स्वतः याहून गुंतागुंतीचे हिशेब तपासले आहेत.

माझी मागणी मोठ्या रकमेची नाही. पोलिसांच्या एकूण तरतुदीतला लहानसा भाग या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवावा. त्याचे पुनर्विनियोजन करून, म्हणजे ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवून, गाड्या घेण्यास मनाई असावी, मंजुरी किमान तीन वर्षांची असावी आणि शिल्लक रक्कम पुढच्या वर्षी वापरता यावी. एका विभागाने दुसऱ्याशी बोलण्यात घालवलेला वेळ हादेखील खर्च धरला जावा, नाहीतर आरोग्य खात्याचा माणूस दुसऱ्या बैठकीपासून येईनासा होतो.

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या अर्थसंकल्पावेळी गृह विभागाला एवढे विचारावे: गुन्हे घडण्यापूर्वी रोखण्याच्या कामासाठी, वाहने, इमारती आणि उपकरणे वगळून, किती रक्कम ठेवली आहे आणि ती किती वर्षांसाठी? जे उत्तर मिळेल ते गाड्यांच्या आकड्यांशेजारीच छापावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
निवृत्त लेखाधिकारी